वसंताचं वावडं

स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकलेलं असायचं आणि आई त्यावर दुधाचा हिशेब मांडायची. दूध आलं नाही त्या तारखेला फुली, पाहुण्यांसाठी जास्त घेतलं तर 'दीड'. मी नववीत असताना तिने त्याच चौकटींत तांबड्या पेनाने ठिपके द्यायला सुरुवात केली. सकाळी उठल्या उठल्या मला शिंकांची माळ लागली की त्या तारखेला एक ठिपका. डिसेंबरात तिने सगळी पानं उलटून पाहिली. महाशिवरात्रीच्या सुमारास ठिपके सुरू झालेले, होळीला दाट झालेले, रामनवमीनंतर विरळ होत गेलेले. मग काही महिने कोरे, आणि गणपतीनंतर पुन्हा एक छोटी रांग. "ही सर्दी नाही गं," ती म्हणाली. "सर्दीला तारखा पाठ नसतात."

तोवर या 'सर्दी'पायी दर वर्षी अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स झाले होते. दही बंद होतं, केळी बंद होती, केस कोणत्या वारी धुवायचे तेही ठरलेलं होतं. यातल्या कशानेच शिंका थांबल्या नाहीत, कारण दुखणं वेगळं होतं आणि उपाय वेगळ्याच दुखण्याचे चालले होते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजही फेब्रुवारी ते एप्रिल हेच घडतं. या अ‍ॅलर्जीबद्दल वैद्यकाला आज पुष्कळ ठाऊक आहे आणि साधी, स्वस्त औषधंही आहेत. गाडी अडते ती ओळखण्यापाशी आणि वेळेपाशी.

सर्दी आणि वावडं

मराठीत अ‍ॅलर्जीला जुना, घरगुती शब्द आहे: वावडं. वांग्याचं वावडं, कोळंबीचं वावडं आपण सहज बोलतो. हवेचं वावडं मात्र आपल्या बोलण्यात नाही. म्हणून नाक वाहिलं की ती सर्दीच ठरते.

फरक ओळखणं अवघड नाही. विषाणूची सर्दी आठवड्या-दहा दिवसांत आटोपते. तिच्यात अंग मोडून येतं, घसा दुखतो, कधी ताप येतो, आणि घरात एकाची दुसऱ्याला लागते. अ‍ॅलर्जी कित्येक आठवडे रेंगाळते, ताप येत नाही, नाकातून पाण्यासारखं पातळ गळतं, एका दमात आठ-दहा शिंका येतात. सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे खाज: नाकात, डोळ्यांत, टाळूला, कानाच्या आत. लहान मुलाला ती शब्दांत सांगता येत नाही. ते तळहाताने नाकाचा शेंडा खालून वर चोळत राहतं, इतकं की नाकावर आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसर छाया येते. अशा मुलाला 'सारखं नाक चोळू नकोस' म्हणून रागावण्याआधी ते का चोळतंय हे पाहायला हवं. डोळे सतत चोळण्याची सवय तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा आकार बिघडण्यापर्यंत जाऊ शकते.

दोनशे वर्षांचा शोध

ऋतू आणि नाक यांचं नातं जुन्या वैद्यांच्याही नजरेस आलं होतं. इराणी वैद्य अल्-राझी यांनी हजारेक वर्षांपूर्वी एका परिचिताला वसंतात गुलाब हुंगल्यावर होणाऱ्या पडशावर स्वतंत्र टिपण लिहिलं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सहाव्या अध्यायात ऋतुचर्या आहे. हिवाळ्यात साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होऊन बाधतो, असं ती सांगते. कारणमीमांसा आजच्याहून वेगळी असली, तरी दुखण्याचा मोसम तिने नेमका टिपला होता.

आधुनिक वैद्यकात याची सुरुवात एका रुग्णानेच केली. १८१९ साली लंडनमध्ये डॉ. जॉन बोस्टॉक यांनी लहानपणापासून दर उन्हाळ्यात स्वतःला होणारा त्रास वैद्यकीय सभेपुढे मांडला. दोष त्यांनी उष्म्यावर ठेवला. खरा गुन्हेगार सापडला १८७३ साली. मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनाही हाच विकार होता. त्यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकात घालून पाहिले, खरवडलेल्या कातडीवर चोळून पाहिले, पतंगाला चिकट काचा बांधून उंचावरची हवा तपासली, आणि हे परागांचं काम असल्याचं सिद्ध केलं. योगायोग असा की त्याच १८७३ साली कलकत्त्यात डॉ. डी. डी. कनिंगहॅम यांनी तिथल्या तुरुंगांच्या परिसरातली हवा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून अहवाल प्रसिद्ध केला. हवेतले कण मोजण्याची आपल्याकडची परंपरा इतकी जुनी आहे. महाराष्ट्रात मराठवाडा विद्यापीठाच्या डॉ. एस. टी. टिळक यांनी १९७० साली सहकाऱ्यासह हवा तपासण्याचं देशी बनावटीचं यंत्र तयार केलं. 'टिळक एअर सॅम्पलर' या नावाने ते ओळखलं जातं.

पुढचे टप्पे भराभर आले. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागांचा अर्क थोडा थोडा टोचून शरीराला त्याची सवय लावण्याचा प्रयोग छापला. १९३७ मध्ये दानिएल बोव्हे यांच्या हाती पहिलं अँटिहिस्टामिन लागलं. आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इशिझाका दाम्पत्याने अमेरिकेत आणि योहान्सन-बेनिश या जोडीने स्वीडनमध्ये या सगळ्यामागचं प्रतिपिंड शोधलं: आयजीई.

नाकात नेमकं काय घडतं

परागकण स्वतः विषारी नसतो. तो नाकाच्या ओल्या अस्तरावर बसतो आणि त्यातली प्रथिनं विरघळतात. बहुतेकांचं शरीर त्यांची दखलही घेत नाही. काहींचं शरीर मात्र त्यांना शत्रू समजून आयजीई बनवतं, आणि हे आयजीई अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. पुढच्या वेळी तोच पराग आला की या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडतं. मग काही मिनिटांत शिंका, खाज, पाणी. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते, त्यात अस्तर सुजून नाक चोंदतं. सकाळी शिंका आणि रात्री तोंडाने श्वास, हा अनुभव यातूनच येतो.

पहिल्या भेटीत काही होत नाही, शरीराची तयारी व्हायला काळ जातो, हे लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेत गेलेले मराठी लोक म्हणतात, "पहिले दोन-तीन स्प्रिंग मजेत गेले, मग सुरू झालं." बर्च आणि ओकच्या परागांशी ओळख होऊन वैर जमायला तेवढा वेळ लागतो.

दुसरी गोष्ट उपचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. मोसम जसजसा पुढे सरकतो तसतसं नाक अधिक हळवं होतं. सुरुवातीला शंभर कणांनी जो त्रास होतो तो नंतर मोजक्या कणांनी होतो. म्हणून त्रास शिगेला पोचल्यावर उपचार सुरू करणं म्हणजे विहीर खणायला आग लागायची वाट पाहणं.

दिसणारी फुलं आणि न दिसणारी

वसंत म्हटला की डोळ्यांपुढे पळस, पांगारा, काटेसावर येतात आणि शिंकांचा आळही त्यांच्यावरच जातो. तो अन्यायाचा आहे. या फुलांचे पराग जड आणि चिकट असतात. पक्षी, खारी, वटवाघळं, मधमाश्या यांच्या अंगाला लागून ते प्रवास करतात, हवेत फारसे उडत नाहीत. भडक रंग, मध आणि मोठी पाकळी हे त्या पाहुण्यांसाठीचं आमंत्रण असतं. आंब्याच्या मोहोराच्या उग्र वासाने काहींचं नाक चुरचुरतं खरं, पण त्याचे परागही मुख्यतः माश्याच वाहतात.

वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडाला नटण्याची गरज नसते. त्याची फुलं बारीक, फिकी, बिनवासाची असतात आणि आपल्याला दिसतच नाहीत. आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून वावळाचा मोठा वृक्ष आहे. फेब्रुवारीत तो पूर्ण निष्पर्ण असतो आणि येणारे-जाणारे त्याला वाळलेला समजतात. एकदा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वाकून फांदी जवळ ओढली, तेव्हा काड्याकाड्यांवर हिरवट-तपकिरी फुलांचे मोहरीएवढे गुच्छ लगडलेले दिसले. बोटाने टिचकी मारली आणि उन्हात फिकट धुरळा तरंगत गेला. दोन मिनिटांत मला शिंका सुरू झाल्या. एप्रिलमध्ये त्याच फांद्यांवर पोपटी, नाण्यासारख्या चपट्या पंखधारी फळांचे घोस लटकतात आणि लोक माना वर करून कौतुकाने पाहतात. फुलांकडे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. भारतात परागांच्या अ‍ॅलर्जीसाठी जी झाडं प्रसिद्ध आहेत त्यांत वावळाचं स्थान वरचं आहे.

कोरड्या मुलखात, रस्त्याच्या कडेला आणि पडीक रानात वेडी बाभूळ माजली आहे. तिच्याकडे मधमाश्या येतात, तरी तिचे पराग हवेतही मिसळतात. उकिरड्यावर, रेल्वेच्या कडेला उगवणारा एरंड आपले परागकोश फट्दिशी फोडून पराग उडवतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत. हरळी आणि इतर गवतं, माठ-काटेमाठाच्या जातीचं तण यांचा जोर पावसाळ्यानंतर असतो. आईच्या कालनिर्णयावरची गणपतीनंतरची छोटी रांग त्यांचीच होती.

गाजर गवताचं प्रकरण तर महाराष्ट्राशी थेट जोडलेलं आहे. मूळ अमेरिका खंडातलं हे तण भारतात ठळकपणे नोंदलं गेलं ते १९५०च्या दशकाच्या मध्याला, पुण्यात. परदेशी धान्यातून ते आलं असं मानलं जातं आणि काँग्रेस गवत हे नावही त्याला चिकटलं. त्याचा बहर मुख्यतः पावसाळ्यात येतो, पण कालव्याच्या आणि गटाराच्या कडेला ओल मिळाली की ते बारा महिने फुलतं. त्याच्या परागांनी नाक बिघडतं आणि स्पर्शाने कातडी. उघड्या हातांनी ते उपटणाऱ्या शेतमजुरांच्या मानेवर, कोपरांत आणि पापण्यांवर उठणारा इसब हे त्याचं दुसरं रूप आहे. उपटायचंच तर फुलण्याआधी, हातमोजे घालून आणि नाक-तोंड बांधून.

वसंतातलं सगळंच काही परागांचं नसतं. याच दिवसांत रब्बीची मळणी होते. गहू, ज्वारी, हरभऱ्याचं तूस आणि भुसा, आणि त्यांवर वाढलेल्या बुरशीचे बीजाणू मळणीयंत्राभोवती ढगासारखे उठतात. शहरात पानगळीचे ढीग पेटवले जातात. तो धूर आधीच सुजलेल्या नाकाला आणखी जाळतो. पाडव्याआधी घरोघरी माळे उतरवले जातात, जळमटं झटकली जातात, गाद्या बडवल्या जातात, आणि वर्षभर साचलेल्या धुळीतले सूक्ष्म किडे आणि त्यांची विष्ठा एकदम हवेत येते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे धुळीतले किडेच अ‍ॅलर्जीचं मोठं कारण आहेत. त्यांच्यामुळे होणारा त्रास बारमाही असतो. म्हणूनच ठिपक्यांची नोंद कामाची ठरते: ठिपके ऋतूबरोबर येत-जात असतील तर संशय परागांवर, वर्षभर सारखे असतील तर गादी-उशीवर.

उपाय: घरातले

पराग पूर्ण टाळता येत नाहीत, कमी करता येतात. मोसमात सकाळी लवकर सगळ्या खिडक्या उघडून 'ताजी हवा' घेण्याचा मोह आवरावा. झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावं. बाहेरून आल्यावर तोंड धुवावं, झोपण्याआधी अंघोळ करावी आणि केसांवरून पाणी घ्यावं, नाहीतर दिवसभराचे पराग रात्रभर उशीवर सोबत करतात. चादरी-उशांचे अभ्रे गच्चीवर वाळवू नयेत. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात ती सवय चांगलीच आहे, फक्त तो स्कार्फ रोज धुवायला हवा. चार दिवसांचा स्कार्फ म्हणजे परागांची झोळी. कोविडच्या काळातला चांगला मास्क आणि साधा चष्मासुद्धा उपयोगी पडतो.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला योगातल्या जलनेतीची परंपरा आहे आणि आधुनिक वैद्यकाचाही पाठिंबा आहे. एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे पाव लिटरला साधारण सव्वादोन ग्रॅम, हे प्रमाण. पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाच्या किंवा तळ्याच्या पाण्यातून क्वचित मेंदूपर्यंत पोचणारा अमिबा नाकात जाऊ शकतो, आणि तो संसर्ग बहुधा जीवघेणा ठरतो. वाफेने तात्पुरतं बरं वाटतं, पण लहान मुलांना पातेल्यावर वाकवू नये. भाजण्याचे अपघात होतात. हळद-दुधाने घशाला आराम पडतो, अ‍ॅलर्जी जात नाही. स्थानिक मध खाल्ल्याने शरीराला परागांची सवय होते असं सांगितलं जातं, पण मधात असतात ते मधमाशीने गोळा केलेले फुलांचे पराग; त्रास देणारे असतात वाऱ्यावरचे.

उपाय: डॉक्टरांच्या सल्ल्याने

शिंका आणि खाज यांवर अँटिहिस्टामिनची गोळी चांगली चालते. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन वाहन चालवणं किंवा मळणीयंत्रावर उभं राहणं धोक्याचं आहे. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांसारख्या नव्या गोळ्या त्या मानाने मेंदूला कमी सुस्त करतात. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यावी. फळांच्या रसाने तिचा गुण कमी होतो.

नाक चोंदणं मुख्य तक्रार असेल तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा सर्वांत गुणकारी. 'स्टेरॉइड' शब्दाला घाबरून लोक तो टाळतात. योग्य मात्रेत त्याचं औषध जवळजवळ नाकापुरतंच राहतं. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, म्हणून तो मोसमाच्या आधी दोन आठवडे सुरू करून मोसमभर रोज वापरायचा असतो. तो मारण्याचीही पद्धत आहे: डोकं किंचित पुढे झुकवायचं, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजवीसाठी डावा, तोटीचा रोख नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेर कानाच्या दिशेने. जोरात ओढून घ्यायचं नाही. एवढं पाळलं तर नाकातून रक्त येण्याच्या तक्रारी कमी होतात.

नाक झटकन मोकळं करणारे थेंब वेगळे. ते चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक आणखी चोंदतं आणि थेंबांवाचून श्वास घेता येत नाही अशी गत होते. माँटेलुकास्ट आणि अँटिहिस्टामिनची जोडगोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. माँटेलुकास्टने काहींना झोपेत व्यत्यय, चिडचिड, नैराश्य असे त्रास होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. निव्वळ शिंकांसाठी ते पहिल्या फळीचं औषध नाही. 'एक इंजेक्शन घ्या, सीझन सुखाचा जाईल' म्हणून दिलं जाणारं दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन तर टाळावंच. त्याचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो.

त्रास दरवर्षीचा आणि तीव्र असेल तर कशाचं वावडं आहे ते तपासून घ्यावं. हाताच्या आतल्या बाजूवर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुठे गांधी उठली ते मोजतात. त्याआधी काही दिवस अँटिहिस्टामिन बंद ठेवावं लागतं. केस तपासून किंवा रक्तातलं आयजीजी हे वेगळंच प्रतिपिंड मोजून दोनशे पदार्थांची 'अ‍ॅलर्जी' सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. कारण नेमकं सापडलं तर नून यांच्या प्रयोगातून पुढे आलेली इम्युनोथेरपी करता येते: त्याच परागांचा अर्क वाढत्या मात्रेत टोचून किंवा जिभेखाली ठेवून, तीन ते पाच वर्षं. आजाराच्या मुळाला हात घालणारा हा एकच उपचार. इंजेक्शननंतर क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून अर्धा तास दवाखान्यातच बसायचं.

परीक्षा आणि दमा

दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा नेमक्या वावळ फुलण्याच्या दिवसांत येतात. रात्री नाक चोंदून झोप मोडलेली, दिवसा गोळीची गुंगी, आणि समोर गणिताचा पेपर. ब्रिटनमध्ये १,८३४ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. परागांचा त्रास असलेल्या मुलांची श्रेणी सराव परीक्षेपेक्षा अंतिम परीक्षेत घसरण्याची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त आढळली; झोप आणणारं अँटिहिस्टामिन घेणाऱ्यांत ७० टक्क्यांनी. मुलाचा त्रास जानेवारीतच डॉक्टरांना दाखवणं हा परीक्षेच्या तयारीचाच भाग आहे.

नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोकं आहेत. नाकाच्या अ‍ॅलर्जीकडे दुर्लक्ष झालं तर दमा बळावण्याचा धोका वाढतो. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण २०१९च्या जागतिक अंदाजानुसार दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. रात्री खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, जिना चढताना धाप यांपैकी काही शिंकांच्या जोडीला आलं, तर लगेच तपासणी हवी आणि इनहेलर सांगितला तर तो संकोच न करता घ्यायला हवा.

गावाने करायचं काम

एकट्याने मास्क लावून सगळं भागत नाही. जपानने महायुद्धानंतर डोंगरच्या डोंगर 'सुगी' नावाच्या वृक्षांनी भरले. २०१९च्या पाहणीत तिथल्या सुमारे ३९ टक्के लोकांना त्याच्या परागांचा त्रास आढळला, आणि २०२३ मध्ये सरकारला दहा वर्षांत ही लागवड एकपंचमांशाने घटवण्याचं ठरवावं लागलं. इस्लामाबादेत शहर हिरवं करायला लावलेली कागदी तुती दर मार्चमध्ये दवाखाने भरते. भराभर वाढतो म्हणून रस्त्यांच्या दुभाजकांवर लावलेल्या कोनोकार्पस या झाडावर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. आपल्या पालिकांनीही यातून शिकायला हवं. वड, पिंपळ, उंबर यांची फुलं फळाच्या आत बंद असतात आणि इवलीशी गांधीलमाशी आत शिरून परागण करते. हवेत पराग उडतच नाही. सावली, पक्ष्यांना खाद्य आणि निर्दोष हवा, तिन्ही एकत्र देणारी झाडं आपल्या दारात आहेत. जुना वावळ तोडावा असं मी म्हणणार नाही, कारण त्यावर कितीतरी जीव जगतात. नव्या लागवडीत मात्र विचार व्हावा.

दुसरी गरज परागांच्या दिनदर्शिकेची. चंडीगडमध्ये पीजीआय ही वैद्यकीय संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांच्या संशोधकांनी शहराच्या हवेतले पराग मोजून कोणत्या महिन्यात कशाचा जोर असतो याचं कोष्टक मांडलं. वाऱ्या-पावसाच्या अंदाजासारखा परागांचा अंदाज पुणे, नागपूर, नाशिक, संभाजीनगरच्या रोजच्या बातम्यांत यायला हवा. हवा मोजणारी माणसं आणि यंत्रं महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वी होती. त्या कामाला पुन्हा बळ हवं.

तोवर प्रत्येक घर आपली दिनदर्शिका करू शकतं. नवं कालनिर्णय घरात आलं की मी आधी जुन्याची पानं उलटते, पहिला ठिपका शोधते, तिथून दोन आठवडे मागे मोजते आणि नव्या पानावरच्या त्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, तांबड्या पेनाने लिहिते: 'आजपासून फवारा.' मग वावळ खुशाल फुलो.